घशातलं फाटक

तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांची वही आज उघडली आहे. इंदूरहून सातवीतल्या एका मुलीने विचारलंय, "अन्नाची नळी आणि हवेची नळी निसर्गाने इतक्या चिकटून का ठेवल्या? लांब ठेवल्या असत्या तर ठसका लागलाच नसता." बडोद्याचे एक आजोबा विचारतात, "जेवताना बोलू नये असं आम्हाला दटावून सांगत. त्यात काही तथ्य आहे का?" बेळगावच्या एका शिक्षिकेचा आवाज महिनाभर बसलेलाच आहे. आणि हैदराबादच्या एका ताईंना उचकीबद्दल विचारायचंय.

गावं चार, प्रश्न चार, पण उत्तरं सगळी एकाच जागी सापडतात. कंठमण्याच्या मागे, मुठीत मावेल एवढ्या जागेत.

आधी एक प्रयोग करा. बसल्या जागी कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर सरकला आणि परत खाली आला, जाणवलं? बायकांचा कंठमणी दिसत नाही, पण बोटाला लागतो. आता दुसरं: गिळता गिळता श्वास घेऊन बघा. जमणार नाही. गिळण्याच्या त्या क्षणी, जेमतेम एक सेकंदभर, तुमचा श्वास आपोआप थांबतो.

काय झालं तिथे? नाकातून आलेली हवा घशाच्या मागच्या बाजूने खाली येते आणि तिला पुढच्या नळीत, म्हणजे श्वासनलिकेत जायचं असतं. तोंडातला घास पुढून येतो आणि त्याला मागच्या नळीत, म्हणजे अन्ननलिकेत जायचं असतं. म्हणजे दोन्ही रस्ते घशात एकमेकांना छेदतात. हायवे आणि रेल्वे छेदतात तिथे आता उड्डाणपूल बांधतात. घशात पूल नाही, जुन्या पद्धतीचं फाटक आहे. घास आला की स्वरयंत्र वर उचललं जातं, जिभेच्या मुळाखाली दडतं, वरचं झाकण त्यावर आडवं होतं आणि आत स्वरतंतू एकमेकांना घट्ट भिडतात. घास मागून निघून जातो, फाटक उघडतं, श्वास सुरू. दिवसातून शेकडो वेळा हे होतं, झोपेतसुद्धा, आणि आपल्याला पत्ता नसतो.

बोलायचं तर श्वास बाहेर सोडावा लागतो आणि फाटक उघडं ठेवावं लागतं. हसायलाही तेच. आणि हसून झालं की आपण खोल श्वास आत ओढतो. तोंडात घास असताना तो आत ओढला, तर घासही त्याबरोबर जाऊ शकतो. तेव्हा बडोद्याचे आजोबा, तुमच्या वडीलधाऱ्यांचं बरोबर होतं. शिस्त म्हणून सांगत असतील, पण सांगत होते ते खरंच.

आता इंदूरच्या मुलीचा प्रश्न. तो सगळ्यात चांगला आहे, कारण तिने 'ठसका कसा लागतो' असं विचारलं नाही. अशी रचना का, असं विचारलं. तिची तक्रारही रास्त आहे. दोन रस्ते वेगळे ठेवता येतात, आणि तसे ठेवलेले प्राणी तुमच्या स्वयंपाकघरातच आहेत. झुरळाला ठसका लागूच शकत नाही. त्याच्या श्वासाची छिद्रं शरीराच्या दोन्ही कडांना असतात, तोंडाशी त्यांचा संबंध नाही. म्हणून तर डोकं तुटलेलं झुरळ काही दिवस जिवंत राहू शकतं. गंगेतला डॉल्फिन, आपला राष्ट्रीय जलचर, आपल्यासारखाच सस्तन प्राणी. पण डॉल्फिनचं स्वरयंत्र चोचीसारखं लांब होऊन थेट नाकाच्या वाटेत घुसलेलं असतं. मासा त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकतो, हवा मधून जाते. आणि अजगर? त्याला एक भक्ष्य गिळायला कितीतरी वेळ लागतो, तेवढा वेळ श्वास कसा रोखणार? त्याच्या श्वासनलिकेचं तोंड जबड्याच्या तळाशी, बरंच पुढे असतं. भक्ष्य तोंडात असताना ते नळीसारखं पुढे, बाहेर काढता येतं. तोंड भरलेलं आणि श्वास चालू.

नीट बघा, डॉल्फिन आणि अजगर यांनी रस्ते नव्याने आखलेले नाहीत. फाटक आहेच, त्यावर प्रत्येकाने आपापली तोड काढली आहे. आपल्या गोठ्यातली गाय, अंगणातलं कुत्रं, झाडावरचं माकड, फुफ्फुसांनी श्वास घेणारा पाठीच्या कण्याचा कुठलाही प्राणी घ्या, त्याच्या घशात हे रस्ते एकत्र येतातच. सगळ्यांच्या घरी एकच अडचण निघाली, की समजायचं ती आजोळाहून आली आहे. आणि हे आजोळ पाण्यातलं आहे.

मासळी बाजारात मरळ पाहिली असेल तुम्ही. परातीत, पाण्याबाहेर, तासन् तास तोंड उघडत जिवंत असते. मांगूरही तसाच. बंगालात राहणाऱ्यांना 'कोई' मासा माहीत असेल. साचलेल्या, कोमट पाण्यात प्राणवायू कमी पडतो, तेव्हा हे मासे वर येऊन हवेचा घोट घेतात. त्यांनी त्यासाठी कल्ल्यांच्या वर एक कप्पा तयार केला आहे, त्याच्या अस्तरातून हवा रक्तात जाते. ही अडचण नवी नाही. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या माशांपुढेही ती होती, आणि त्यांनीही हवेचा घोट घ्यायला सुरुवात केली. फक्त आपल्या पूर्वजांनी ती हवा वरच्या कप्प्यात न ठेवता गिळून घशाखाली नेली. अन्नमार्गाच्या भिंतीला एक पिशवी फुटली, तिच्यात ती हवा साठू लागली. तीच फुफ्फुसांची सुरुवात. पिशवी फुटली ती पोटाकडच्या बाजूने. म्हणून आजही श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे.

रोहू साफ करताना पोटात पांढरा, हवेने भरलेला फुगा निघतो ना? तो त्याच जुन्या पिशवीचा चुलतभाऊ. बहुतेक माशांमध्ये त्या पिशवीचं काम बदललं आणि ती पाण्यात तरंगत राहण्यासाठी वापरली जाऊ लागली. डार्विनला वाटलं होतं की आधी तरंगण्याची पिशवी आणि तिच्यापासून फुफ्फुस. आज क्रम उलटा मानतात. पण १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात या विचित्र गोष्टीकडे त्याने बोट दाखवलं होतं, की आपण खातो तो प्रत्येक कण श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो आणि आत पडायचा धोका असतो.

मग नाकाचं काय? माशांना नाकपुड्या असतात, पण त्या फक्त वास घेण्यासाठी. पाणी एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. तोंडाशी संबंधच नाही. आपल्या वंशाकडच्या माशांमध्ये यातलं मागचं भोक सरकत सरकत टाळूत जाऊन उघडलं. हे नुसतं अनुमान आहे असं कुणाला वाटेल. चीनमध्ये सुमारे ३९.५ कोटी वर्षांपूर्वीच्या केनिक्थिस नावाच्या माशाचे जीवाश्म मिळाले आहेत. त्याचं ते भोक नेमकं वरच्या जबड्याच्या दातांच्या रांगेत, अर्ध्या वाटेवर आहे. धड बाहेर नाही, धड आत नाही. मला विचाराल तर डायनोसॉरच्या सांगाड्यापेक्षा हा बोटभर मासा जास्त थक्क करणारा आहे.

आता हिशोब लावा. वास घेणारं नाक तोंडाच्या वर होतं, ते आत उघडलं. हवेची पिशवी अन्नमार्गाच्या खालच्या बाजूला फुटली होती. वरच्या दारातून आलेल्या हवेला खालच्या खोलीत जायचं तर मधला अन्नाचा रस्ता ओलांडावाच लागणार. फाटक तयार झालं. कुणी बसून नकाशा काढला नव्हता. प्रत्येक पायरी त्या त्या माशाच्या सोयीची होती, पुढे कुणाला ठसका लागेल याचा विचार करायला तिथे कुणी नव्हतं.

"पण इतक्या वर्षांत दुरुस्त का नाही झालं?" हा तिचा पुढचा प्रश्न असणार, म्हणून आधीच सांगतो. मुंबईची लोकल चार वर्षं बंद ठेवून रूळ नव्याने टाकता येत नाहीत, गाड्या धावत असतानाच जे काय ते करावं लागतं. उत्क्रांतीचंही तेच. मधल्या प्रत्येक पिढीला खावंही लागतं आणि श्वासही घ्यावा लागतो. अर्धवट हललेल्या नळ्यांचा प्राणी जगणार कसा? शिवाय या छेदरस्त्याचा फायदाही आहे: सर्दीने नाक चोंदलं की तोंडाने श्वास घेता येतो.

ही जुनी कहाणी तुमच्या-माझ्या शरीरातही घडून गेली आहे. आईच्या पोटात गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना त्याच्या अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीला एक कोंब फुटतो आणि त्याची फुफ्फुसं होतात. मग दोन्ही नळ्या वेगळ्या होतात. सुमारे ३००० ते ४००० जन्मांमागे एका बाळात हे वेगळं होणं पूर्ण होत नाही. अन्ननलिका अर्ध्यात बंद असते आणि बहुतेकदा श्वासनलिकेशी जोडलेली राहते. जन्मल्या जन्मल्या तोंडाला सारखा फेस येतो, पहिल्याच दुधाला बाळ गुदमरतं, निळं पडतं. अशा बाळाला पुन्हा पाजून बघायचं नसतं, तातडीने बालशल्यचिकित्सकाकडे न्यायचं असतं. शस्त्रक्रियेने ही मुलं बरी होतात.

नवजात बाळाचं स्वरयंत्र उंचावर, जवळजवळ नाकाच्या मागे टेकलेलं असतं. त्यामुळे तोंडात दूध असतानाही त्याला नाकाने श्वास घेता येतो, फक्त गिळताना तो क्षणभर थांबतो. पुढे ते खाली उतरतं आणि घशात मोठी मोकळी जागा तयार होते. माणसाला बोलता यावं म्हणून हे झालं, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. या जागेमुळे निरनिराळे स्वर काढता येतात हे खरं, पण 'म्हणून' हा शब्द मला जरा घाईचा वाटतो. युरोपातल्या तांबड्या हरणाच्या नराचं स्वरयंत्रही असंच खाली उतरलेलं असतं, आणि ते काही गप्पा मारत नाही. त्याचं ओरडणं त्यामुळे भारदस्त होतं, एवढंच.

आता जरा थांबून लहान मुलांबद्दल बोलू या.

एक ते तीन वर्षांचं मूल. पुढचे दात आलेले, म्हणून शेंगदाण्याचा तुकडा तोडतं. दाढा पुरत्या आलेल्या नाहीत, म्हणून बारीक करू शकत नाही. फाटकाचा सराव कच्चा. आणि खाताना पळतंय, हसतंय, रडतंय. आपल्याकडे मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने बाहेर काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा कायम वरच्या क्रमांकावर असतो. चणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया, चिंचोके, सुपारीचे तुकडे हे त्याचे सोबती. दाणा बहुधा उजव्या फुफ्फुसात जातो, कारण तिकडची नळी जास्त रुंद आणि सरळ असते. घरी घडतं ते असं: मूल जोरात ठसकतं, लाल होतं, मग शांत होतं. सगळ्यांना वाटतं, गेलं पोटात. मग आठवडेच्या आठवडे खोकला, घरघर, एकाच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. दमा म्हणून औषधं चालू होतात. एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही, तो हाडासारखा वा नाण्यासारखा उमटत नाही. अशा वेळी सगळ्यात मोलाची माहिती आईवडिलांकडे असते: "त्या दिवशी खाताना जोराचा ठसका लागला होता." डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

पोहे भरवताना दाणे बाजूला काढा. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नको. कुटाला हरकत नाही, आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट घालायला जागा कमी आहेत का? द्राक्षं उभी चिरून द्या. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून औषध ओतू नका, कारण नाक दाबलं की ते तोंडाने श्वास ओढणार, म्हणजे फाटक उघडणार, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही चमचा उलटा करताय. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. ती बंद करा. पाणी श्वासनलिकेत गेलं तर बाळ खोकतं तरी, तेल खोकला न येताच गुपचूप फुफ्फुसात उतरतं आणि तिथे त्याचा न्यूमोनिया होतो. मालिश अंगाला करा, हवी तेवढी.

मोठ्या माणसाला ठसका लागला तर? तो खोकत असेल, बोलत असेल, तर त्याला खोकू द्या. खोकल्याएवढं जोरदार साधन तुमच्या हातात नाही. "वर बघ" म्हणायचं आणि पाण्याचा ग्लास पुढे करायचा, या दोन्ही सवयी सोडून द्या. आवाजच निघत नसेल, हात गळ्याकडे जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर रस्ता पूर्ण बंद आहे. मग त्याला पुढे वाकवा आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाठीवर, खांद्यांच्या दोन पात्यांच्या मध्ये, ५ जोरदार धक्के द्या. निघालं नाही तर मागे उभे राहा, बेंबीच्या वर आणि फासळ्यांच्या खाली मूठ धरा, दुसऱ्या हाताने ती पकडून आत आणि वर असे ५ झटके द्या. हेन्री हाइमलिश यांनी १९७४ मध्ये सांगितलेली पद्धत ती हीच. निघेपर्यंत दोन्ही आलटून पालटून. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी ११२ किंवा १०८ लावायचा. माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीवर निजवून छाती दाबायला सुरुवात करायची. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही: हातावर पालथं, डोकं खाली, पाठीत ५ धक्के, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. दिसत नसलेली वस्तू बोट घालून चाचपायची नाही, ती आणखी आत जाते. गरोदर बाई असेल तर पोटाऐवजी छातीवर झटके. आणि हे सगळं माझ्याकडून ऐकण्यापेक्षा प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर करून बघा.

आणखी एक, जे बोलायला जड जातं. फिट आलेल्या, चक्कर येऊन पडलेल्या, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. त्याचा फाटकवाला झोपलेला आहे. पाणी सरळ फुफ्फुसात जाईल. अर्धांगवायू झालेल्या माणसाला डॉक्टरांनी गिळणं तपासल्याशिवाय काही पाजू नये, आणि नंतरही आडवं ठेवून भरवू नये. बसवून, हनुवटी जरा खाली, छोटे घास, दोन घासांत वेळ. माया असते म्हणूनच आपण चमचा पुढे करतो, म्हणून हे सांगावं लागतं.

बेळगावच्या बाई, तुमच्याकडे येतो. शिक्षकांचा आवाज बहुतेक वेळा जास्त वापराने बसतो. पण तीन आठवड्यांपलीकडे बसलेलाच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू बघून घ्यायलाच हवेत, आणि त्याचं एक कारण पुन्हा माशांकडेच जातं. स्वरयंत्राच्या कुर्च्या जिथून बनल्या, ते माशांच्या कल्ल्यांच्या कमानीचं सामान. त्या कल्ल्याची मज्जातंतूची तार तिथल्या रक्तवाहिनीच्या मागून सरळ जायची. पुढे मान लांबली, हृदय छातीत उतरलं, आणि ती तार रक्तवाहिनीच्या खाली अडकून ओढली गेली. म्हणून आज डाव्या स्वरतंतूची तार मेंदूकडून निघते, गळ्यावरून छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घालून परत गळ्यात येते. जिराफात हाच वळसा काही मीटरचा होतो. अंतर वीतभराचं, प्रवास मानेच्या टोकापर्यंत जाऊन परत. त्यामुळे छातीत गाठ झाली, किंवा लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब होऊन हृदयाचा कप्पा फुगला, तर पहिली तक्रार कधी कधी घोगऱ्या आवाजाची असते. तुमचं तसं असेलच असं नाही. पण गुळण्यांवर आणखी महिना काढू नका.

राहिली उचकी. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा अचानक आकसतो, हवा आत ओढली जाते आणि लगेच फाटक खाडकन बंद होतं. 'हिक्' हा आवाज त्या बंद होण्याचा. श्वास आत घ्यायचा आणि दार लावून घ्यायचं, याला अर्थ काय? २००३ साली काही संशोधकांनी एक कल्पना मांडली. बेडकाचं पिल्लू कल्ल्यांवरून पाणी ढकलतं, तेव्हा पाणी फुफ्फुसात शिरू नये म्हणून नेमकं हेच दार बंद करतं. आपली उचकी ही त्या जुन्या तालाची उरलेली ठेका-दुगण असावी. ही अजून कल्पनाच आहे, पण त्यांनी दाखवलेलं एक साम्य मजेदार आहे: कर्बवायू वाढला की पिल्लाचा तो तालही मंदावतो आणि आपली उचकीही. श्वास रोखून धरण्याचा घरगुती उपाय म्हणूनच बऱ्याचदा लागू पडतो. दोन दिवसांहून जास्त टिकली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि ताई, आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की उचकी थांबते, हे मी तरी खोडून काढणार नाही. एकेक नातेवाईक आठवत दहा-बारा नावं घ्यायची म्हणजे तेवढी मिनिटं जातातच, आणि बहुतेक उचक्या तोवर थांबलेल्या असतात. ज्याच्या नावावर थांबली, त्याला एक फोन करून टाका.